घर माहूरला असलं की

काटकसर कशी करावी हे सांगणारे लेख पुरवण्यांमधून नेमाने येतात. महिन्याचं बजेट आखा, माणशी किती धान्य लागतं त्याचा हिशेब मांडा, आठवड्याच्या भाज्यांचा तक्ता करून फ्रीजला चिकटवा. हे लिहिणाऱ्या बाईंचं घर बहुधा ठाण्याला नाहीतर नाशिकला असावं. माहूरला असतं तर ‘माणशी’ हा शब्द त्यांच्या लेखणीतून उतरलाच नसता. आमच्या घरी आज जेवायला माणसं किती, हे सकाळी सांगता येत नाही. नांदेडची एसटी येऊन गेली की कळतं.

माहूर म्हणजे साडेतीन पीठांतलं एक पूर्ण पीठ. गडावर रेणुकामाता, पलीकडच्या शिखरावर दत्त, आणखी पुढे अनसूया. रेणुका ज्यांची कुलदेवी अशी घरं महाराष्ट्रभर आणि तेलंगणातही पसरलेली आहेत, आणि त्यातली निम्मी आमच्या नात्यातली असावीत असा माझा अंदाज आहे. लग्न झालं की जोडप्याला दर्शनाला आणतात. मग बाळाचं जावळ, नवस फेडणं, नवी गाडी, मुलाचा बारावीचा निकाल (लागण्याआधी एकदा आणि लागल्यावर एकदा). नवरात्र तर आहेच, मार्गशीर्षात दत्तजयंती, श्रावणातल्या पौर्णिमेला परिक्रमा. गावात भक्तनिवास आहे, लॉज आहेत. पण हक्काचं घर असताना भक्तनिवासात उतरलो तर तुमचा अपमान होईल, असं पाहुणेच आम्हाला बजावतात.

त्यात सरकारने हातभार लावला. 2022 साली पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला आणि 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. योजना उत्तम, मीही त्याच अर्ध्या तिकिटात माहेरी लातूरला जाते. पण ज्या मावश्या, माम्या आणि चुलत सासवा पूर्वी “देवीचं बोलावणं आल्याशिवाय जाणं होत नाही” म्हणायच्या, त्यांना देवीची बोलावणी जरा लवकर लवकर येऊ लागली. वाचलेलं अर्धं तिकीट शेवटी कुठे जातं, हे मंत्रालयात कुणाला ठाऊक नसेल. आमच्या किराणा दुकानदाराला ठाऊक आहे. गूळ, हरभऱ्याची डाळ, वेलदोडे. देवीला पुरणाचा नैवेद्य, म्हणून घरी पुरण, म्हणून पाहुण्यालाही पुरण.

आमचे हे इथल्या एका खासगी शाळेत मराठी शिकवतात. शाळा बरीच वर्षं विनाअनुदानित होती. मग वीस टक्के अनुदान आलं, मग चाळीस. पगारही त्याच टक्क्यांनी वाढत गेला. पाहुणे मात्र पहिल्यापासून शंभर टक्के.

अशा घरात मी काटकसरीचं लातुरी शिक्षण घेऊन आले. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. ‘जलदूत’ नाव त्या गाडीचं. पहिल्या खेपेला दहा टाक्यांमधून पाच लाख लिटर पाणी आलं. मांजरा धरण कोरडंठाक पडलं होतं आणि पाण्याच्या टाक्यांपाशी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. देशाला नवल वाटलं. मला फारसं वाटलं नाही, कारण नळाला रोज पाणी येतं ही गोष्ट आम्ही लहानपणी फक्त पुस्तकात वाचलेली. तांदळाचं धुवण तुळशीला, भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, न्हाणीतलं बादलीत धरून संडासात. आणि आल्यागेल्याला अर्धा पेला पाणी. हवं तर पुन्हा देऊ, पण उष्टं टाकायला पाणी नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात उमरखेडकडचे पाहुणे गड उतरून घामाघूम होऊन आले आणि मी शिस्तीत ट्रेमधून अर्धे अर्धे पेले नेले. सासूबाईंनी बैठकीत काही म्हटलं नाही. आत आल्यावर हळूच म्हणाल्या, “पाहुण्याला अर्धा गिलास देतेत का गं माय कुणी?”

“आत्या, भरून दिला की निम्मं तसंच ठेवतात. मग ओतून द्यावं लागतं.”

“ते खरंय,” त्या म्हणाल्या आणि विषय संपला. दुसऱ्या दिवशी मांडणीच्या वरच्या फळीवरून त्यांनी पितळी फुलपात्रं उतरवली, चिंचेने घासली आणि पेल्यांच्या जागी पालथी घातली. फुलपात्रात पाणी मावतं बरोबर अर्ध्या पेल्याएवढं. पण ते काठोकाठ भरून, वर ताटलीत ठेवून, दोन्ही हातांनी पुढे केलं की घेणाऱ्याला आपला मान झाल्यासारखं वाटतं. एका दमात पितो, पुन्हा मागतो, पुन्हा काठोकाठ मिळतं. तळाशी थेंब राहत नाही. पाणी माझ्या हिशेबाने गेलं आणि अब्रू त्यांच्या हिशेबाने राहिली. माझ्या माहेरी बचत ही पाहुण्याला ऐकवायची गोष्ट होती: “काय करता, दहा दिवसांनी पाणी येतं.” या घरात ती मांडणीपाशीच उरकलेली असते. बैठकीत पोचतो तो नुसता भरलेला काठ.

पुढे पुढे मला या विद्येचे इतर धडे मिळत गेले. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना येसर सांगायला हवं. ज्वारी किंवा बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने आणि खडा मसाला वेगवेगळा भाजायचा आणि एकत्र दळायचा. हे पीठ डब्यात महिनोन्‌महिने टिकतं. लसूण-खोबऱ्याच्या वाटणाची फोडणी करून पाणी उकळायचं आणि त्यात कालवलेलं येसर सोडायचं, की दाट, लाल तवंगाची आमटी तयार. डाळ शिजत घालायची नाही, भाजी निवडायची नाही, कुकरच्या शिट्या मोजायच्या नाहीत. शिवाय आमच्या भागात येसर आमटी लग्नाच्या पंगतीत वाढतात, त्यामुळे पाहुण्याला वाटतं, आपल्यासाठी खास बेत झालाय. आठ जणांची आमटी बारा जणांना पुरवायची वेळ रोजचीच. नुसतं पाणी वाढवलं तर चतुर जावयाला पहिल्या घोटात कळतं. पाण्यामागे पळीभर येसर गेलं की ब्रह्मदेवालाही कळत नाही.

चहाचं तसंच. गवती चहा आणि आलं सढळ हाताने, दूध जरा हात राखून. पुण्याहून आलेल्या एका मामेसासऱ्यांनी हा ‘आयुर्वेदिक चहा’ कसा करायचा ते लिहून घेतलं आहे.

चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया, सांडगे, खारोड्या आणि गवारीच्या शेंगा वाळत पडतात. हल्ली शेजारपाजारच्या मुली म्हणतात, बाजारात सगळं मिळतं की. मिळतं. पण आषाढात भाजीचे भाव गड चढायला लागतात तेव्हा सांडग्याची आमटी नि तळलेली कुरडई पानात पडली की पाहुणा खूश. घरात त्या दिवशी हिरव्या भाजीचं पानही नव्हतं, हे त्याला कळायचं कारण नसतं.

आणि एक डबा असतो. त्यात रवा, साखर, थोडं तूप, मूठभर चारोळी. चारोळी इकडच्या जंगलातलीच. या डब्याला घरातल्या माणसाने हात लावायचा नाही. माझा मुलगा लहानपणी शिऱ्यासाठी रडून रडून झोपला, पण तो डबा उघडला नाही. तेव्हा मला सासूबाईंचा राग आला होता. त्या या घरात नव्याने आल्या तोच बहात्तरचा दुष्काळ पडला. दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली, तिथे मिळालेली सुकडी पदरात बांधून घरी आणली, रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी केल्या. ती अमेरिकेची ज्वारी, थापली की कडेला चिरायची. हे सगळं त्या अगदी सहज सांगतात, हसत हसतही सांगतात. त्या सालाबद्दल तक्रारीच्या सुरात त्यांच्या तोंडून मी एकच वाक्य ऐकलंय: “वर्षभर पाहुणं म्हणून कुणी आलं नाही बघ घरी.”

भाकरीवरून मात्र आमच्यात मतभेद आहेत. पुण्या-मुंबईची मंडळी आली की त्यांना पोळी नको असते. “वहिनी, मस्तपैकी भाकरी आणि ठेचा, बास!” सासूबाईंना हे ऐकून कसंनुसं होतं. पाहुण्याला भाकरी वाढायची म्हणजे घरात गहू नाही असं कबूल करण्यासारखं, हे त्यांच्या हाडात बसलंय. मी त्यांना हिशेब सांगते: आता बऱ्याचदा ज्वारीच गव्हाहून महाग पडते. आमच्याकडच्या शेतकऱ्याने ज्वारी सोडून सोयाबीन धरलं, पेराच कमी झाला, मग दुसरं काय होणार? म्हणजे जी भाकरी वाढायला त्या लाजतात तीच खरं तर खर्चाची बाब, आणि जी पोळी त्या मिरवतात ती स्वस्तातली. त्यांना हिशेब पटतो, पण पान वाढताना हात पोळीकडेच जातो. शेवटी तडजोड अशी की भाकरी वाढायची, पण तुपाचा गोळा ठेवून. म्हणजे खर्च दोन्हीकडून.

विजेच्या बिलाची जबाबदारी ह्यांच्याकडे. महावितरणचा घरगुती दर शंभर युनिटपर्यंत एक आणि तिथून तीनशेपर्यंत चढा. तो चढा दर फक्त शंभराच्या वरच्या युनिटांना लागतो, हे ह्यांनी पाटीवर मांडून दाखवलं. पण सासूबाईंच्या मते एकशे एकावं युनिट आधीच्या शंभरांना बाटवतं. ह्यांनी तेही मांडून दाखवलं की साठ वॅटचा जुना दिवा सोळा-सतरा तासांत एक युनिट खातो आणि नऊ वॅटचा एलईडी एकशे दहा तास तेवतो. सासूबाईंना हे आवडलं. त्यांनी विचारलं, “अन् विझवून ठेवला तर?”

मे महिन्यात पाहुणे रात्रभर कूलर लावून झोपले की महिन्याचं गणित कोलमडतं. कूलर बंद करा असं या घरात कुणी कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नाही. संध्याकाळी सासूबाई स्वतः गच्चीवर चार बादल्या पाणी शिंपडतात (यावर माझं लातुरी काळीज तुटतं), वाकळी अंथरतात आणि खाली येऊन म्हणतात, “गडाकडून काय वारा सुटलाय वर, माय!” पाच मिनिटांत सगळे उशा घेऊन जिन्याला लागतात. सकाळी पोरं सांगत सुटतात, आम्ही चांदण्यात झोपलो. त्यांचे आईबाप फोटो काढून गावभर पाठवतात. पुढल्या वर्षी आणखी दोघं जास्त येतात, हा या युक्तीतला दोष. त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

दत्ताच्या गावात राहून आम्ही हे एवढं साठवण-पुरवण करत बसतो, याचं मला कधीकधी हसू येतं. दत्तात्रेयांचा दिनक्रम सगळ्यांना ठाऊक आहे: स्नानाला काशी, भिक्षेला कोल्हापूर, निद्रेला माहूर. भाडं नाही, किराणा नाही, गॅसचा नंबर लावणं नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. तो अवधूत म्हणजे दत्तच, असं परंपरा मानते. नाथांनी भागवताची ती कथा मराठीत केवढी फुलवून सांगितली आहे. त्या चोवीसांत मधमाशी आहे. तिच्याकडून अवधूत शिकला की संध्याकाळसाठी, उद्यासाठी काही साठवू नये. मध गोळा करणारा माणूसही त्यांत आहे, तो दुसऱ्यानं साठवलेलं उचलून नेतो. अजगर आहे, जो पडल्याजागी मिळेल ते खातो. आमच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत येणाऱ्या एका भाचेजावयांनी हा गुरू केलेला दिसतो.

मी हे सगळं एकदा कुरडयांचा चीक घोटता घोटता सासूबाईंना वाचून दाखवलं. मधमाशीचं ऐकून त्या म्हणाल्या, “महाराजांचं बरोबर आहे. त्यांच्या घरी कोण येणार होतं? तेच दुसऱ्याच्या दारात जायचे.”

मग मी कुमारीची गोष्ट वाचली. एका मुलीला मागणी घालायला पाहुणे आले. घरात वडीलधारं कुणी नाही. पाहुण्यांना बसवून ती आत साळी कांडायला लागली. हातात शंखाच्या बांगड्या, त्या वाजायला लागल्या. तिला लाज वाटली. बाहेर ऐकू गेलं तर कळेल ना, या घरात कांडपाला गडीमाणूस नाही, पोरीला स्वतः कांडावं लागतं, सडलेले तांदूळही घरात शिल्लक नाहीत. म्हणून तिने एकेक करून बांगड्या फोडल्या, हातात दोन दोन ठेवल्या. त्याही वाजल्याच! मग एक एक ठेवली. आवाज थांबला. अवधूताने यातून धडा घेतला तो एकांताचा: दोघे असले तरी बोलणं होतं, एकट्यानेच असावं. संन्याशाला तेच दिसणार, त्याला पुढचा स्वयंपाक करायचा नव्हता.

चोवीस गुरूंमध्ये ओसरीवर पाहुणे आणि घरात दाणे कांडायचे राहिलेत, अशी ही एकटीच. माझ्या मते माहूरच्या घरोघरच्या बायकांची खरी गुरू हीच आहे आणि तिचं एखादं लहानसं देऊळ इथे असायला काही हरकत नव्हती. सासूबाईंना ती गोष्ट फार लागली. चिकाची पळी हातात तशीच ठेवून त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावली. मग जरा वेळाने म्हणाल्या, “पण फोडायच्या कशाला? उतरवून ठेवता आल्या असत्या की बांगड्या.”

आमचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, आणि त्याची काटकसर भरपूर वाजते. मोबाइलमध्ये खर्चाचं ॲप आहे, चहा प्यायला की नोंद. महिन्याचा निम्मा पगार वाचवला की मित्रांच्या ग्रुपवर आकडा टाकतो आणि मित्र अंगठे दाखवतात. गेल्या दिवाळीत आला तेव्हा आजीला मिनिमलिझम समजावत होता.

“म्हंजे कसं?”

“घरात वस्तू कमीत कमी ठेवायच्या, आजी. चार कपडे, एक पातेलं, एक ताट.”

“गरिबी म्हण की.”

“नाही गं, मुद्दाम.”

“मुद्दाम!” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याला विचारलं, “अन् पाहुणा आला तर?”

“येत नाही कुणी. आधी मेसेज करतात, मग बाहेरच भेटतो.”

सासूबाई पुढे काही बोलल्या नाहीत. तो निघाला तेव्हा त्याच्या पिशवीत येसरचा डबा, सांडगे आणि एक ताट जास्तीचं निघालं. ताट त्याने परत काढून ठेवलं, तर त्यांनी ते पुन्हा घातलं. शेवटी कोण जिंकलं ते बस सुटल्यावर मांडणी पाहिली तेव्हा कळलं. ताट पुण्याला गेलं होतं.

ह्यांचा एकच खर्च आम्हा दोघींना जाचतो, तो पुस्तकांचा. बोललं की ते दासोपंतांना पुढे करतात. आंबेजोगाईचे दासोपंत तरुणपणी माहूरला दत्ताच्या उपासनेसाठी राहिले होते, म्हणजे ह्यांच्या लेखी ते गाववाले. दासोपंतांनी सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव लिहिला म्हणतात, आणि त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागायची अशी आख्यायिका आहे. “सोळाव्या शतकात रोजची ढब्बू पैशाची शाई! त्यांच्या घरी कुणी काही म्हटलं?” हा ह्यांचा सवाल. शाई कमी पडली नाही पण कागद अपुरा वाटला की काय कोण जाणे, त्यांनी चाळीसेक फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर ‘पासोडी’ लिहिली. ती आंबेजोगाईला जपून ठेवलेली आहे. हे ऐकून सासूबाईंच्या डोळ्यांपुढे ते कापड उभं राहिलं असावं. “चार वाकळी निघाल्या असत्या,” त्या म्हणाल्या. पण पुस्तकांवरून त्या नंतर फारसं बोलल्या नाहीत.

देण्याघेण्याचा हिशेब या घरात जुना आहे आणि तो कधीच नीट जुळलेला नाही. निजामाच्या राज्यात आमच्याकडे हाली शिक्का चालायचा. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, तिथे इंग्रजांचा कलदार. सात हालींचे सहा कलदार होत. माझे आजेसासरे नदीपलीकडच्या लग्नात सात रुपये हाली आहेर करत. तिकडचे लोक वहीत सहा रुपये मांडत आणि आमच्याकडे कार्य निघालं की सहा कलदार आणून देत. हिशेब चोख. कुणाचाच एक छदाम बुडत नव्हता. तरी आम्ही सात दिले आणि सहाच आले, हे आमच्या घरात अजून सांगतात. पलीकडचे काय सांगत असतील याची मला कल्पना आहे.

हल्ली आहेराची ती भानगड राहिली नाही, ब्लाऊजपिसाची आहे. गडावर ओटी भरायला आलेली बाई घरच्या सवाष्णीचीही ओटी भरते, आणि परत जाताना आपणही तिची भरायची असते. येणाऱ्या बायका किती हे सांगितलंच आहे, तेव्हा ब्लाऊजपिसं विकत आणून हे जमणं शक्य नाही. आलेलंच पुढे जातं. सगळ्या घरांतून तेच चालतं आणि कुणीही ते शिवत नाही. धोका एकच: ज्याचं त्याला परत जाणं. यासाठी सासूबाईंनी पद्धत बसवली आहे. पीस आलं की काठाच्या आतल्या अंगाला, शिवणीत जाईल अशा जागी, एक बारीक टाका. परभणीकडून आलं तर हिरवा दोरा, हिंगोलीकडचं लाल, नदीपलीकडचं पिवळा. देताना कोपरा चाचपला की झालं. या पद्धतीने आजवर कधी दगा दिलेला नाही.

मागच्या महिन्यात परभणीच्या आत्तेसासूबाई आल्या होत्या, अर्ध्या तिकिटात. जाताना त्यांनी सासूबाईंची ओटी भरली. मोरपंखी पीस, बारीक जरीची बुट्टी. “दुकानात बघितलं अन् तुमचीच आठवण झाली बघा, वहिनी.”

“रंग लई गोड आहे हो, वन्सं,” म्हणत सासूबाईंचा अंगठा सवयीने कोपऱ्यावर गेला आणि तिथेच थांबला. चेहरा जराही हलला नाही. बाई रिक्षात बसेपर्यंत हसतमुख होत्या.

मग चष्मा लावून दोघी खिडकीशी बसलो. कोपऱ्यात आमचा पिवळा टाका होता. म्हणजे हे पीस कधीतरी नदीपलीकडून आमच्याकडे आलं होतं, आम्ही कुणाला तरी दिलं होतं, आणि कुठून कुठून फिरून ते परभणीच्या ‘दुकानात’ पोचलं होतं. पण सासूबाईंचं लक्ष पिवळ्याकडे नव्हतंच. त्याच्या शेजारी, गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, एक काळा टाका होता.

“हा कुणाचा गं?”

आम्ही सगळं गणगोत डोळ्यांपुढून घातलं. उमरखेड, पुसद, किनवट, आदिलाबाद. काळ्या दोऱ्याने खूण करणारी बाई कोण असेल ते काही लक्षात येईना. सासूबाईंनी पीस उजेडात धरलं, उलटंसुलटं करून पाहिलं, नखाने टाका जरा उचकून पाहिला. उलट्या बाजूला गाठसुद्धा दिसत नव्हती.

“माझ्यापेक्षा बारीक घालते बाई,” त्या म्हणाल्या आणि हिरव्या दोऱ्याचं रीळ शोधायला उठल्या.